अटलांटा फाल्कन्स, १५ क्रमांकाचा पिक आणि पास रशरचा दुष्काळ

गोदातीर
६ एप्रिल २०२५, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगच्या ड्राफ्टला, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमाला, अठरा दिवस उरलेत. यंदा तो ग्रीन बेला आहे, पहिली फेरी गुरुवारी २४ तारखेच्या रात्री. आमच्या फाल्कन्सचा नंबर पंधरावा. मला अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेट्टात येऊन चौदा वर्षं झाली आणि दर वसंतात इथल्या फाल्कन्सवाल्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "या वर्षी तरी पास रशर (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) घ्या रे." तेवढ्याच विषयासाठी हा धागा. घ्यायचा तर कोणता, कितव्या क्रमांकावर, आणि काय मोजून?

आधी दुखणं सांगतो. गेल्या हंगामात १७ सामन्यांत आपले ३१ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) झाले, लीगमध्ये खालून दुसरे. २०२१ मध्ये १८ होते, तेव्हा तर अगदी तळाला. २०२२ मध्ये २१. मधे २०२३ ला ४२ झाले तेव्हा मला वाटलं होतं की गाडी रुळावर आली. पण त्यातले बरेच कॅलेस कॅम्पबेल आणि बड डुप्री या बाहेरून आणलेल्या, वय झालेल्या खेळाडूंचे होते. ते गेले आणि आकडाही त्यांच्याबरोबर गेला. मग गेल्या ऑगस्टमध्ये तिसऱ्या फेरीचा पिक (निवडीचा हक्क) देऊन न्यू इंग्लंडकडून मॅट जूडन आणला. त्याने ५.५ सॅक केले. म्हणजे दर वर्षी विहिरीला पाणी नाही म्हणून टँकर मागवायचा, असं चाललंय.

२०१७ ला टॅक मॅकिन्ली घेतला, त्यानंतर पहिल्या फेरीत एकही पास रशर नाही. रिडली, लिंडस्ट्रॉम, मॅकगॅरी, टेरेल, पिट्स, लंडन, बिजान, पेनिक्स. यातले बरेच जण चांगले निघाले, हे मान्यच. पण २०२१ ला आपण चारवर पिट्स घेतला आणि बारावर डॅलसने मायका पार्सन्स उचलला. २०२३ ला आठवर बिजान, आणि लगेच पुढच्या नंबरावर ईगल्सने जेलन कार्टर घेतला. तोही आपल्याच राज्यातल्या जॉर्जिया विद्यापीठाचा, अथेन्समधला, आपल्या अंगणात खेळलेला. बिजान माझ्या जिवाचा आहे, त्याला कोणी नावं ठेवली तर मी भांडेन. तरीही ही यादी वाचली की पोटात कालवतं.

गेल्या वर्षी तर पहिले चौदाच्या चौदा पिक आक्रमणातले गेले. ड्राफ्टच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. म्हणजे आठव्या क्रमांकावर आपल्याला वर्गातला प्रत्येक पास रशर मोकळा होता. आपण कर्क कझिन्सशी १८ कोटी डॉलरचा करार करून सहा आठवडे झाले असताना पेनिक्स घेतला. क्वार्टरबॅक म्हणून पेनिक्स मला पटलाय, शेवटचे तीन सामने पाहून खात्री झाली. पण जॅरेड व्हर्स १९ वर रॅम्सला मिळाला आणि वर्षातला सर्वोत्तम नवा बचावपटू ठरला.

आता यंदाची पिकांची झोळी बघा. १५, ४६, ११८, २१८, २४२. बस. तिसऱ्या फेरीचा जूडनपायी गेला, पाचव्या फेरीचा कझिन्सशी मुदतीआधी संपर्क केल्याबद्दल लीगने काढून घेतला.

माझं मत असं की एका रशरने भागणार नाही, दोन लागतील. गेल्या हंगामात ट्रे हेंड्रिक्सनने १७.५ सॅक करून लीगमध्ये पहिला नंबर काढला, आणि त्याचे बेंगल्स प्लेऑफबाहेर राहिले. माइल्स गॅरेटचे १४ सॅक, ब्राउन्स ३-१४ (३ विजय, १४ पराभव). एका बाजूला वाघ असला की समोरचा त्या बाजूला दोन माणसं लावतो आणि दुसऱ्या बाजूने निवांत चेंडू फेकतो. म्हणून १५ वरून चारपाच जागा खाली सरकावं, तिसऱ्या फेरीचा पिक परत मिळवावा, आणि पहिल्या तीन फेऱ्यांत दोन एज, म्हणजे कडेने धावणारे पास रशर, घ्यावेत.

बोला. मतभेद असतील तर सविस्तर लिहा.

चौथाडाउन
७ एप्रिल, सकाळी ७:१५

एडिसनहून ईगल्सवाला बोलतोय, पण धागा मनापासून आवडला.

तुमच्या "दोन लागतील" ला सहमत, आणि पुढे जाऊन म्हणतो, चार लागतील. फेब्रुवारीतला आमचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, आठवा. ४०-२२. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक महोम्स याला सहा वेळा पाडला आणि त्यासाठी एकदाही ब्लिट्झ (मागच्या गड्यांनाही धाडणं) केला नाही. समोरचे चारच जण धावले, मागचे सात जागेवर राहिले. आता हे गडी आले कुठून? कार्टर ९ वा पिक. जॉश स्वेट, ज्याने त्या रात्री २.५ सॅक केले, तो २०१८ मध्ये चौथ्या फेरीत १३० वा. मिल्टन विल्यम्स २०२१ मध्ये तिसऱ्या फेरीत ७३ वा. नोलन स्मिथ ३० वा. जॅलिक्स हंट गेल्या वर्षी ९४ वा. पहिल्या फेरीतले दोन, बाकीचे खालून. आणि महत्त्वाचं म्हणजे हे एका वर्षात झालेलं नाही. दर ड्राफ्टमध्ये एखादा तरी आघाडीचा माणूस घ्यायचाच, घरात पुरेसे असले तरी घ्यायचा. तुमच्याकडे नेमकी ती सवय नाही.

बखरकार
७ एप्रिल, दुपारी १२:३०

गोदातीर, तुमची यादी २०१७ पासून सुरू होते. मी त्याआधीची उघडतो, कारण फाल्कन्सने पास रशर घेतलेच नाहीत असं नाही. घेतले, पण गरजेपोटी घेतले, आणि माझ्या मते खरी चूक तिथे आहे.

२००७. आठव्या क्रमांकावर आर्कान्सोचा जमाल अँडरसन. चार हंगामांत ४.५ सॅक. त्याच फेरीत अकरावर पॅट्रिक विलिस गेला आणि चौदावर डॅरेल रेव्हिस.

२०१५. पुन्हा आठवा क्रमांक, विक बीस्ली. दुसऱ्या हंगामात १५.५ सॅक, लीगमध्ये पहिला. सगळं शहर त्याच्या नावाने नाचलं. पुढच्या तीन हंगामांत ५, ५ आणि ८. त्याच्याकडे पहिलं पाऊल विजेसारखं होतं, पण ते अडवलं तर पुढे काय, याचं उत्तर त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही.

२०१७. सुपर बोल हरल्यानंतरचा ड्राफ्ट. ३१ वरून पाच जागा वर चढून २६ वर टॅक मॅकिन्ली. चार वर्षांत १७.५ सॅक आणि मधेच सोडून दिला. त्या रात्री ३० व्या क्रमांकावर पिट्सबर्गने टी. जे. वॉट घेतला. म्हणजे आपण जागा सोडली नसती, नुसते थांबलो असतो, तरी पिट्सबर्गच्या नंतरच आपला ३१ आला असता. पण चढलोच होतो तर २६ वर वॉट समोर होता. त्याला सोडून दुसरा घेतला.

आणि फाल्कन्सचा या शतकातला सर्वात चांगला पास रशर कोण? जॉन एब्राहम. तो ड्राफ्टमधून आलाच नव्हता. २००६ मध्ये जेट्सकडून पहिल्या फेरीचा पिक देऊन आणला, सात हंगामांत ६८.५ सॅक. घरात वाढवलेला असा मोठा पास रशर शोधायचा तर क्लॉड हम्फ्रीपर्यंत, म्हणजे १९६८ च्या ड्राफ्टपर्यंत मागे जावं लागतं, मधे पॅट्रिक कर्नीचा एक सन्माननीय अपवाद.

म्हणून माझं म्हणणं, १५ वर जो सर्वात चांगला खेळाडू असेल तो घ्या. तो पास रशर असला तर उत्तमच. पण "यंदा पास रशरच" अशी शपथ घेऊन खोलीत शिरू नका. भुकेल्या माणसाने बाजारात जाऊ नये म्हणतात ते उगाच नाही.

मेघना_जेसी
७ एप्रिल, रात्री ९:०५

बखरकार, इतिहास अचूक आहे, निष्कर्ष पटत नाही. तिन्ही वेळा चूक जागेची नव्हती, माणूस ओळखण्याची होती. २०१७ ला वॉट घेतला असता तर तोही "गरजेपोटी घेतलेला पास रशर"च असता ना?

आणि "सर्वात चांगला खेळाडू" हे तत्त्व गेली चार वर्षं पाळूनच आपण टाइट एंड, रिसीव्हर आणि रनिंग बॅक असे आक्रमणातलेच खेळाडू जमवले. जागेची किंमत धरायला नको का? मार्चमध्ये मॅक्स क्रॉस्बीला वर्षाला ३.५५ कोटी डॉलरचा करार मिळाला आणि गॅरेटला ४ कोटींचा. पंधराव्या क्रमांकावरच्या नव्या मुलाला चार वर्षांचे मिळून साधारण दोन कोटी पडतात. वर पाचव्या वर्षाचा हक्क संघाकडे. या एका जागेवर ड्राफ्ट जेवढे पैसे वाचवतो तेवढे क्वार्टरबॅक सोडला तर कुठेच वाचत नाहीत. कझिन्सचे पैसे अजून डोक्यावर आहेत, त्यामुळे बाजारातून पास रशर म्हणून आपण फक्त लेनर्ड फ्लॉइडला एका वर्षासाठी आणू शकलो. आपला जुना बचावपटू ग्रेडी जॅरेट याला सोडावं लागलं. त्या दिवशी मी खरंच रडले.

माझ्या दृष्टीने १५ वर पास रशर आणि तो जॉर्जियाचा जेलन वॉकर किंवा मायकेल विल्यम्स.

नवखा_इचलकरंजी
८ एप्रिल, सकाळी ८:५० (भारतीय वेळ)

मी वर्षभरापासून रविवारी रात्री साडेदहाचे सामने बघतोय. नियम बऱ्यापैकी कळतात. पण हा पास रशर एवढा महाग का, आणि सॅक म्हणजेच सगळं का, हे कोणी समजावून सांगाल? आणि ड्राफ्ट म्हणजे आपल्या प्रो कबड्डीच्या लिलावासारखा का?

कृष्णाकाठ
८ एप्रिल, सकाळी ९:३० (शिकागो)

नवखा, मी कराडचा, म्हणजे तुमच्या शेजारचाच. सांगतो.

लिलावात ज्याच्या खिशात पैसे त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसते. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि गेल्या वर्षी जो जितका वाईट खेळला तितका त्याचा नंबर आधी. खेळाडूला संघ निवडता येत नाही. संघ मात्र आपला नंबर विकू शकतात, बदलू शकतात, पुढच्या वर्षीचाही देऊ शकतात. ही मंडळी भांडतायत ते त्यावरून.

आता पास रशर. क्वार्टरबॅकला चेंडू हातात आल्यावर अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्याला मोकळा गडी शोधायचा असतो. कडेने पळत येणारा, दीडशे किलोच्या माणसाला चुकवून किंवा रेटून त्याच्यापर्यंत पोहोचणारा तो एज, म्हणजे पास रशर. आपल्या चढाईपटूसारखंच आहे. पहिल्या पावलाची झेप, समोरच्याला एकीकडे झुकवून दुसरीकडून काढता पाय, आणि हातांची कारागिरी. फरक एवढाच की याला परत यायचं नसतं.

सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं. पण सॅक हे फळ झालं. पाडला नाही, नुसता घाईला आणला तरी चेंडू चुकतो, आणि चुकलेला चेंडू मागच्या बचावपटूच्या हातात जातो. म्हणून जाणकार सॅकपेक्षा दबाव किती वेळा आणला ते मोजतात.

ग्रेडी जॅरेट आमच्या बेअर्सकडे आलाय. मेघनाताई, आम्ही त्याला जपू.

तिठा
८ एप्रिल, रात्री ११:२०

गोदातीरच्या खाली सरकण्याच्या योजनेचा हिशोब मांडतो. जिमी जॉन्सन डॅलसला असताना जो पिकांच्या किमतीचा तक्ता रूढ झाला, तो आता जुना आहे, पण भाषा म्हणून अजून सगळे वापरतात. त्यात १५ व्या पिकाचे १०५० गुण, २० व्याचे ८५०. फरक २००. तिसऱ्या फेरीतल्या ७७ व्या पिकाचे २०५. आता गंमत नाही, कळकळीने सांगतो, ७७ हाच तो आपला पिक जो जूडनसाठी न्यू इंग्लंडला गेला. म्हणजे पाच जागा खाली उतरलो तर बरोबर तेवढंच परत मिळतं.

प्रश्न असा की खाली उतरायला समोरून कोणीतरी वर चढायला हवा. आणि हा वर्ग एजच्या बाबतीत खोल आहे हे सगळ्यांना माहीत आहे, मग पाच जागांसाठी पिक कोण देईल? मला वाटतं शिडीच सापडणार नाही.

रानभूल
१० एप्रिल, दुपारी ४:००

नावांवर कोणी बोलतच नाहीये, म्हणून मी सुरू करतो. गेले दोन महिने रोज रात्री चित्रफिती बघतोय.

अब्दुल कार्टर पहिल्या तिघांत जाईल, विसरा.

शेमार स्टुअर्ट, टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचा. साडेसहा फूट जवळपास, २६७ पौंड, आणि चाळीस यार्ड ४.५९ सेकंदांत. देवाने घडवताना हात आखडता घेतला नाही. पण कॉलेजच्या तीन हंगामांत मिळून ४.५ सॅक. काही लोक म्हणतात की दबाव आणतो, फक्त शेवटचा घास तोंडात जात नाही. मला भीती वाटते. घास तोंडात घालणं ही वेगळी कला आहे आणि ती सगळ्यांना शिकवता येत नाही.

माइक ग्रीन, मार्शलचा. १७ सॅक, कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक. पण समोर कोण होतं तेही बघायला हवं. बॉस्टन कॉलेजचा डोनोव्हन एझीराकू, १६.५ सॅक, हातांचं काम या वर्गात सर्वात सुबक. उंची-वजन बेताचं. दुसऱ्या फेरीत ४६ वर उरला तर मी घरात दिवे लावीन.

टेनेसीचा जेम्स पिअर्स. चाळीस यार्ड ४.४७. हा वेग रिसीव्हरचा आहे, एजचा नव्हे. कडेवरून वळसा घालताना खांदा जमिनीला टेकेल की काय इतका वाकतो आणि तरी वेग मोडत नाही. अंगाने सडपातळ आहे, धावत्या खेळात त्याच्या अंगावर येतील.

जेलन वॉकर. गेल्या हंगामात ६.५ सॅक, आणि देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा (आघाडीच्या मागे उभा राहणारा बचावपटू) बटकस पुरस्कार. पण नेमकी हीच अडचण. तो जेमतेम सहा फूट एक इंच, २४३ पौंड. अथेन्समध्ये निम्मा वेळ मधल्या लाइनबॅकरच्या जागेवर खेळला. त्याला रोज कडेला उभा केला तर सव्वातीनशे पौंडांच्या टॅकलपुढे (कडेला अडवणारा आक्रमणातला खेळाडू) टिकेल का? मला वाटतं टिकेल, कारण तो वेगाला ताकदीत बदलतो. धडक अशी की मोठा माणूस दोन पावलं मागे जातो. पण त्याला वापरायची योजना हवी. नवे बचाव प्रशिक्षक जेफ उलब्रिक स्वतः लाइनबॅकर होते, ही जमेची बाजू.

मायकेल विल्यम्स घोट्याच्या दुखापतीसह खेळला. हाडपेर एकदम खरं. पण मला वाटतं तो १५ पर्यंत उरत नाही.

गोदातीर
१० एप्रिल, रात्री १०:१५

रानभूल, अशाच प्रतिसादासाठी धागा काढला होता. वाचनखूण साठवली.

चौथाडाउन यांच्या "चार लागतील" वर थोडं लिहायचंय, कारण ते मला दोन दिवस डाचतंय. २०१७ चा सुपर बोल मी मित्राच्या घरी पाहिला. आपण २८-३ ने पुढे असताना मी आईला नाशिकला फोन केला होता, तिथे सकाळ झाली होती, म्हटलं आई आपण जिंकतोय. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, हरलो. लोक त्या रात्रीबद्दल आक्रमणाच्या चुका सांगतात, चेंडू पळवून वेळ काढायला हवा होता वगैरे. मला आठवते ती आपली बचावफळी. न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक ब्रेडी याला पाच वेळा पाडलं. त्यातले तीन एकट्या जॅरेटचे, सुपर बोलच्या विक्रमाशी बरोबरी. म्हणजे दबाव आला नव्हता असं नाहीच. पण न्यू इंग्लंड ९३ वेळा खेळलं, ब्रेडीने ६२ वेळा चेंडू फेकला. चौथ्या क्वार्टरपर्यंत आपल्या मुलांचे पाय उचलत नव्हते. कमरेवर हात ठेवून उभी होती. तेव्हा आत घालायला आणखी दोन ताजे गडी असते तर?

म्हणून मी दोनाचा हट्ट धरतो. अर्नॉल्ड एबिकेटी गेल्या वर्षी सर्वाधिक, सहा सॅकवर थांबला. ब्रेलन ट्राइसचा गुडघा सरावसामन्यातच गेला आणि त्याचं पहिलं वर्ष वाया गेलं. यांच्यावर भार टाकून चालणार नाही, यांच्या जोडीला माणसं हवीत.

बखरकार
११ एप्रिल, सकाळी ६:५०

गोदातीर, तुमच्या २०१७ च्या परिच्छेदापुढे मी तक्ता घेऊन उभा राहू शकत नाही. जोडीचा मुद्दा मान्य. पण वर चढून दोन घेऊ नका, एवढीच विनंती. आपल्याच गटातल्या सेंट्सनी २०१८ मध्ये मार्कस डॅव्हनपोर्टसाठी २७ वरून १४ वर उडी मारली आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक ग्रीन बेला दिला. पाच हंगामांत २१.५ सॅक. मुलगा वाईट नव्हता, सारखा जायबंदी होत राहिला. पण तेवढ्या किमतीत जायबंदी होणंही परवडत नाही.

मेघना_जेसी
११ एप्रिल, दुपारी १:४०

आणि २०२३ ला ह्यूस्टनने विल अँडरसनसाठी पुढच्या वर्षीचा पहिला पिक देऊन तिसऱ्या क्रमांकावर उडी मारली, त्याच वर्षी गट जिंकला, आणि दिलेला पिक २७ वा ठरला. त्यांच्याकडे तेव्हा नवा, स्वस्त क्वार्टरबॅक होता. आपल्याकडेही आहे.

नवखा_इचलकरंजी
२५ एप्रिल, सकाळी ७:४५ (भारतीय वेळ)

साडेपाचला उठून बसलोय. १५ वर जेलन वॉकर!!! रानभूल, तुमचा माणूस.

रानभूल
२४ एप्रिल, रात्री १०:२०

हात थरथरतायत. मायकेल विल्यम्स ११ वर सॅन फ्रान्सिस्कोला गेला तेव्हा वाटलं आता स्टुअर्टच गळ्यात पडतो की काय. तो १७ वर बेंगल्सकडे गेला. वॉकर अगदी योग्य. उत्तर कॅरोलिनातल्या सॉल्झबरीचा मुलगा, वडील कॉलेजच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक. घरातच खेळ बोलला जातो. जागेवर थांबून, काहीही न देता आला.

तिठा
२४ एप्रिल, रात्री ११:४०

झोपू नका. आपण पुन्हा पहिल्या फेरीत शिरलोय. २६ व्या क्रमांकावर, रॅम्सशी सौदा करून.

मेघना_जेसी
२४ एप्रिल, रात्री ११:४४

पिअर्स! जेम्स पिअर्स! दोन! गोदातीर, तुमचे दोन!

बखरकार
२५ एप्रिल, रात्री १२:१०

२०२६ चा पहिल्या फेरीचा पिक गेला. रात्रभर झोप येणार नाही. पुन्हा २६ वा क्रमांक, पुन्हा वर चढून, पुन्हा एज. मॅकिन्लीचाच नंबर.

तिठा
२५ एप्रिल, सकाळी ८:३०

सकाळी शांतपणे मांडतो. आपण दिलं: ४६, २४२ आणि २०२६ ची पहिली फेरी. मिळालं: २६ आणि १०१.

जुन्या तक्त्यात २६ चे ७००, १०१ चे ९६. एकूण ७९६. आपण दिलेल्या ४६ चे ४४०, २४२ जवळजवळ शून्य. उरला फरक साधारण ३५५. म्हणजे पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक आपण यंदाच्या ५४-५५ व्या पिकाच्या भावात, दुसऱ्या फेरीच्या उत्तरार्धातल्या भावात दिला. वर्षभर थांबायचं म्हणून एक फेरी कमी धरायची, ही लीगमधली जुनी रूढी आहे, तिच्यात हे बसतं. पण त्या रूढीत एक गृहीत आहे की दिलेला पिक मधल्यापेक्षा खाली पडेल. आपण पुढच्या वर्षी ८-९ राहिलो, तर तो १५ च्या आतबाहेर येईल. तेव्हा भाव फार महाग ठरेल. गट जिंकलो तर सौदा बरोबर.

रॅम्सची बाजूही बघा. गेल्या वर्षी त्यांनी ब्रेडन फिस्कसाठी वर चढताना स्वतःचा यंदाचा दुसऱ्या फेरीचा पिक देऊन टाकला होता. ॲरन डोनल्ड निवृत्त झाल्यावर एकाच ड्राफ्टमध्ये व्हर्स आणि फिस्क अशी जोडी आणली, आणि त्याचं फळ लगेच मिळालं. आता तीच वाट आपण धरली, आणि त्यांचा रिकामा दुसऱ्या फेरीचा खण आपण भरून दिला. फाल्कन्सचे प्रशिक्षक रहीम मॉरिस तीन वर्षं त्यांच्याकडे बचाव सांभाळत होते, तिथली घडण त्यांना आतून माहीत आहे.

चौथाडाउन
२५ एप्रिल, सकाळी १०:००

पिअर्स चांगला आहे, त्यात वाद नाही. पण एझीराकू ४६ च्या आसपास उरला असता, आणि पुढच्या वर्षीचा पिक घरात राहिला असता. मी थांबलो असतो.

रानभूल
२६ एप्रिल, सकाळी ९:१५

काल रात्री दुसरी फेरी पाहिलीत का? एझीराकू ४४ वर डॅलसला. दोन जागा आधी. चौथाडाउन, आपण ४६ वर थांबलो असतो तर हात हलवत बसलो असतो. दुसरा एक एज, तुईमोलोआऊ, ४५ वर इंडियानापोलिसला. म्हणजे ४६ ला ते दोघेही हातचे गेले होते. माइक ग्रीन मात्र ५९ पर्यंत खाली आला, बॉल्टिमोरला.

आणि मनाला लागलेली गोष्ट. आपला तो जुना ७७ वा पिक न्यू इंग्लंडने कॅरोलायनाला दिला, आणि पँथर्सनी त्यावर एज घेतला, ओल मिसचा प्रिन्सली उमानमीलेन. त्याआधी ५१ वर निक स्कॉर्टन. म्हणजे पेनिक्सच्या अंगावर वर्षातून दोनदा येणारे दोन नवे रशर आपल्याच गटात आले, त्यातला एक आपल्या पिकावर.

मेघना_जेसी
२६ एप्रिल, दुपारी ११:५०

९६ वर नॉत्र दामचा झेव्हियर वॉट्स, सेफ्टी, म्हणजे सर्वात मागचा बचावपटू. हा पिक मला वॉकरइतकाच आवडला. पुढचे घाईला आणतील तेव्हा मागे चेंडू पकडणारा हवाच. कृष्णाकाठकाकांनी वर लिहिलेलं वाक्य आता संघात दिसतंय.

कृष्णाकाठ
२६ एप्रिल, सायंकाळी ६:२०

बखरकारांची काळजी मला समजते. बेअर्सनी २०१८ मध्ये खलिल मॅकसाठी पहिल्या फेरीचे दोन पिक दिले. पहिल्या वर्षी १२-४, गट जिंकला, आम्ही आनंदाने वेडे झालो. पुढची दोन वर्षं पहिल्या फेरीच्या रात्री आमच्याकडे बघायला काही नव्हतं. तरीही मला कोणी आज विचारलं, २०१८ ची ती शरद ऋतूतली रविवारं परत करशील का, तर नाही म्हणेन.

गोदातीर
२७ एप्रिल, रात्री ९:३०

तीन दिवस मुद्दाम लिहिलं नाही. मी दोन मागितले होते, दोन मिळाले. पण मी खाली उतरून, एक पिक कमावून मागितले होते. मिळाले ते वर चढून, पुढचं वर्ष गहाण ठेवून.

बखरकार, तुमचा राग मला पोचतो. मॅकिन्लीच्या २६ ची आठवण मलाही त्या रात्री झाली. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. तेव्हा बीस्ली एकटा होता, त्याला मदत म्हणून एक जण आणला, आणि दोघांचीही चाल एकच, कडेवरून वेग. दोघांना एकाच पद्धतीने अडवता येत होतं. वॉकर धडक देणारा आहे, आत-बाहेर कुठूनही येतो. पिअर्स वळसा घालणारा. वॉकरने टॅकलला मागे ढकलला की क्वार्टरबॅकला पुढे सरकायला जागा उरत नाही, आणि मागे राहिला तर पिअर्स आहे. दोघं एकाच वेळी एकवीस-बावीस वर्षांचे, एकाच वर्षी शिकायला सुरुवात करणारे, फ्लॉइडसारखा नऊ हंगाम खेळलेला माणूस शेजारी. आम्ही इथे आल्यापासून अशी जोडी पाहिलेली नाही.

पैसे आणि वर्षं यांचाही मेळ बसतो. पेनिक्सचा नवखेपणाचा करार २०२७ पर्यंत. म्हणजे तो स्वस्त आहे तोवर ही दोघंही स्वस्त आहेत. पुढच्या वर्षीचा पिक ठेवून घेतला असता तर तो मुलगा २०२७ मध्ये कुठे तयार झाला असता. मेघनाताईंचा ह्यूस्टनचा दाखला मला यामुळे पटला.

तरी तिठांचा हिशोब डोक्यातून जात नाही. आता ८-९ परवडणारच नाही.

जुलैच्या शेवटी फ्लॉवरी ब्रँचला सराव शिबिर सुरू होईल. मी दरवर्षी धाकट्याला घेऊन जातो आणि कुंपणाजवळ बिजानच्या बाजूला उभा राहतो. यंदा दुसऱ्या टोकाला उभा राहणार आहे, जिथे आघाडीचे खेळाडू एकेकट्याने टॅकलवर धावतात. वॉकरचे हात आणि पिअर्सचा वळसा डोळ्यांनी बघायचाय. माझ्या गाडीत तीन जागा आहेत, सकाळी लवकर निघावं लागेल. अल्फारेट्टा, कमिंग, जॉन्स क्रीक परिसरातून ज्यांना यायचं असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बखरकार, एक जागा तुमच्यासाठी धरून ठेवतोय.

बखरकार
२७ एप्रिल, रात्री १०:०५

येतो. डबा मी आणतो.